काडीला बांधलेला ब्रश

रुमालभाऊंना जगातल्या बहुतेक गोष्टींची किळस यायची, आणि पोट भरायला नोकरी मिळाली ती उंदरांच्या घरात. दैवाला थट्टेची हुक्की आली की ते अशीच करतं.

नाव पडलं ते रुमालांमुळे. दोन खिशांत दोन आणि शर्टाच्या वरच्या खिशात एक राखीव. दाराची कडी रुमालाने धरायची, बसमधला दांडा रुमालाने, दुसऱ्याने दिलेला चहाचा कपसुद्धा आधी रुमालाने पुसायचा. कुणी शिंकलं की हे चार पावलं मागे. कुणी बोट चाटून पान उलटलं की यांच्या पोटात ढवळायचं. त्यांची बायको चारचौघांत सांगायची, "लग्नात माझा हातसुद्धा यांनी रुमालानेच धरला असता. फोटोवाला समोर होता म्हणून वाचले."

मुलगी लहान असताना अर्धं खाल्लेलं, लाळेने भिजलेलं बिस्कीट घेऊन दुडुदुडु यायची. "बाबा, आ कला." बाबा तोंड फिरवायचे. "शी, घाण आहे ते. जा, आईला दे." पुढे पुढे ती आईलाच द्यायला लागली.

तर असा माणूस एका मोठ्या संशोधन संस्थेच्या प्राणिघरात कामाला. तळमजल्यावर लांबच लांब बोळ, त्याला एकामागे एक दोन दारं, आणि आत रांगेने मांडण्या. प्रत्येक मांडणीवर प्लॅस्टिकचे ट्रे, ट्रेमध्ये लाकडाचा भुसा, भुशात उंदीर. पांढरे, लाल डोळ्यांचे. त्या बंद हवेत मुताचा असा उग्र वास कोंडलेला असायचा की नव्या माणसाच्या डोळ्यांतून पाणी यावं. रुमालभाऊ जुने झाले तरी त्यांच्या डोळ्यांतून पाणी यायचंच. ओला भुसा खरवडून काढताना ते मान वळवून भिंतीकडे बघायचे. जेवायच्या सुट्टीत कोपरापर्यंत हात धुवायचे आणि तरी डबा चमच्याने खायचे.

या प्राणिघरात एक मॅडम काम करायच्या. मेंदू हा त्यांचा विषय. बोलायला मोकळ्या, अंगावरचा कोट नेहमी चुरगळलेला, आणि उंदीर सरळ हाताने उचलायच्या. त्यामुळे रुमालभाऊ त्यांच्याशी आदराने, पण अंतर राखून बोलायचे.

एकदा मॅडमनी त्यांना समोर बसवून काम समजावून सांगितलं.

"हे बघा रुमालभाऊ, मेंदूतल्या पेशी नुसत्या असून भागत नाही. त्यांना फांद्या फुटाव्या लागतात, एकीचा हात दुसरीला लागावा लागतो. आपण ज्याला आठवण म्हणतो ना, ती या जोडण्यांमध्ये असते. आणि हे सगळं व्हायला शरीरात काही प्रथिनं तयार होतात. त्यांना ग्रोथ फॅक्टर म्हणतात. वाढीचे घटक. झाडाला खत असतं, तसं समजा."

"आणि हे खत घालतं कोण?"

"बाहेरून कुणी नाही. मेंदू आपलं आपणच बनवतो. पण आई पिल्लाला चाटते ना, ज्या आया भरपूर चाटतात, त्यांच्या पिल्लांच्या मेंदूत ते जास्त बनतं. मोठी झाली की त्या पिल्लांची आठवणही जास्त चांगली असते."

"चाटल्यामुळे?" रुमालभाऊंचा हात आपोआप वरच्या खिशाकडे गेला.

ते चाटणं त्यांनी रोज पाहिलं होतं आणि रोज तोंड फिरवलं होतं. उंदरीण पिल्लाला उताणं पाडते आणि पोटाखाली चाटत सुटते. त्याशिवाय त्या एवढ्याशा जिवाला मुतताही येत नाही. आणि ते मुतलं की ही माउली ते पिऊन टाकते. आईच्या मायेचे गोडवे गाणाऱ्यांना एकदा या बोळात आणून उभं करावं, असं रुमालभाऊंना वाटायचं.

मॅडमचा प्रयोग असा होता. काही पिल्लं रोज थोडा वेळ आईपासून वेगळी ठेवायची. त्यांतल्या काहींना तसंच राहू द्यायचं आणि काहींना मऊ ब्रश कोमट पाण्यात बुडवून हळूहळू कुरवाळायचं, पाठीवरून, पोटावरून, आई चाटते तसं. मोठी झाली की सगळ्यांची परीक्षा घ्यायची. गढूळ केलेल्या पाण्याचा हौद, पाण्याखाली कुठेतरी लपवलेला छोटा चौथरा. उंदराला पाण्यात सोडायचं. ज्याला आठवतं तो दुसऱ्या-तिसऱ्या खेपेला सरळ चौथऱ्यावर जाऊन उभा राहतो. ज्याला आठवत नाही तो कडेकडेने पोहत राहतो.

ब्रशचं काम करणारा गडी मोठ्या रजेवर गेला आणि ते घोंगडं रुमालभाऊंच्या गळ्यात आलं.

पहिल्या दिवशी मॅडमनी स्वतः करून दाखवलं. पिल्लू तळहातावर घेतलं. गुलाबी, केस नसलेलं, डोळे मिटलेले, कातडीतून पोटातलं दूध दिसतंय. मानेपासून खाली एका लयीत ब्रश फिरवला. पिल्लू सैल पडलं आणि मॅडमच्या हातावर मुतलं. "बघा, किती खूष झालं," मॅडम म्हणाल्या. रुमालभाऊ बाहेर जाऊन तोंडावर पाणी मारून आले.

दुसऱ्या दिवसापासून त्यांनी आपली युक्ती काढली. घरातल्या पडद्याची एक जुनी लांब काडी आणली, तिच्या टोकाला ब्रश दोऱ्याने घट्ट बांधला. पाण्याचं भांडं आपल्या पायाशी, पिल्लांचा ट्रे पलीकडच्या टेबलावर, आणि हे मध्ये अंतर सोडून उभे. ब्रश बुडवायचा, मान वळवायची, डोळे मिटायचे आणि अंदाजाने काडी हलवायची. उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात ते हेच. ब्रश ट्रेपर्यंत पोहोचेतो पाणी गार झालेलं असायचं. पिल्लं कोपऱ्यात एकमेकांवर चढून लपायची. रुमालभाऊंना वाटायचं, वा, काम कसं स्वच्छ होतंय.

पिल्लं मोठी झाली आणि मॅडमना कोडं पडलं. ब्रशवाली पिल्लं हडकुळीच राहिली, आणि हौदात सोडली की कडेकडेने फिरत बसायची. मॅडमनी पाणी तपासलं, खाणं तपासलं, तराजू बदलला. दुसरी पिल्लं घेऊन पुन्हा सुरुवात केली. मग एक दिवस सहज दाराच्या काचेतून आत डोकावल्या.

"रुमालभाऊ, मासे पकडताय का?"

रुमालभाऊ दचकले. काडी हातातून सुटून ट्रेमध्ये पडली. पिल्लं चिरकली.

"काम चालू आहे, मॅडम."

"काम? अहो, मी इतके दिवस डोकं फोडून घेतेय की कुठे चुकतंय, कुठे चुकतंय! तुम्ही त्यांना भोसकताय इकडून!"

"ब्रश तर तोच आहे."

"ब्रश तोच, पण हात कुठे आहे? ऊब कुठे आहे? हात जवळ असला तर दाब किती द्यायचा ते कळतं हो!"

रुमालभाऊंनी मान खाली घातली. "मला ओकारी येते, मॅडम. जमायचं नाही."

मॅडमना भांडत बसायला वेळ नव्हता. त्यांनी रुमालभाऊंना पाण्याच्या बाटल्या धुवायच्या कामावर टाकलं. साबण, गरम पाणी, आणि चकचकीत बाटल्यांची रांग. सुंठीवाचून खोकला गेला. "ही पिल्लं आता बाद," मॅडम त्या ट्रेकडे बघून म्हणाल्या. बाद झालेल्या पिल्लांचं पुढे काय होतं, ते प्राणिघरात कुणी विचारत नाही. रुमालभाऊंनीही विचारलं नाही.

त्याच हिवाळ्यात त्यांची मुलगी दिवस भरायच्या खूप आधी बाळंत झाली. मुलगी झाली. बाळंतिणीच्या रक्तात विष पसरलं आणि तिला अतिदक्षता विभागात नेऊन नळ्या लावल्या. जावई बोटीवर कामाला, समुद्रात कुठेतरी अडकलेला. रुमालभाऊंच्या बायकोला नेमकी नागीण उठली होती, कमरेभोवती फोडांचा पट्टा. डॉक्टरांनी तिला बाळाच्या मजल्यावर पाऊल टाकायला बंदी केली. उरले रुमालभाऊ.

काचेच्या पेटीतली नात त्यांनी पहिल्यांदा पाहिली आणि मनात जो विचार आला तो यायला नको होता. गुलाबी. केस नाहीत. डोळे मिटलेले. कातडीखाली निळ्या शिरा. त्यांचा हात खिशाकडे गेला आणि त्या हाताचीच त्यांना लाज वाटली. पण गेला तो गेलाच.

त्या खोलीवर एका थोराड सिस्टरचं राज्य होतं. तिने आडपडदा ठेवला नाही.

"वजन उतरतंय हिचं. दूध नळीने देतोय, अंगी लागत नाहीये. आणि मध्येच श्वास घ्यायचं विसरते. तळव्याला टिचकी मारली की आठवतं. असं फार दिवस चालायचं नाही, आजोबा. आई उठेपर्यंत हिला माणसाच्या अंगाची ऊब हवी. उघड्या छातीवर ठेवायचं, कातडीला कातडी. दिवसभर. शर्ट काढा."

"पेटी गरम आहे की."

"पेटी म्हणजे माणूस नव्हे."

"हातमोजे घालून चालतील का?"

सिस्टरने नुसतं पाहिलं. समोरच्या खुर्चीत जुळ्यांना छातीशी धरून बसलेली एक बाई खुदकन हसली.

रुमालभाऊ अंग धुवून आले, शर्ट काढून आरामखुर्चीत रेलले, आणि सिस्टरने बाळ त्यांच्या छातीवर पालथं ठेवलं. पांढऱ्या केसांत ते ओलसर तोंड रुतलं. आंबट दुधाचा वास आला. ओठांच्या कोपऱ्यातून लाळेची तार निघाली आणि छातीवर गार गार उतरत गेली. रुमालभाऊंच्या अंगावर सर्रकन काटा आला.

"सिस्टर! घ्या, घ्या हिला! मला मळमळतंय!"

बाळ परत पेटीत गेलं, आणि आजोबा बेसिनवर.

बाहेरच्या बाकावर त्यांचा मेहुणा वाट बघत होता. कधी काय विकेल याचा नेम नसलेला माणूस. याआधी तो टकलावरचं तेल विकायचा आणि स्वतः टोपी घालून फिरायचा.

"दाजी, देवानेच तुम्हाला माझ्यासारखा मेहुणा दिला," असं म्हणून त्याने पिशवीतून एक बाटली काढली. वर मेंदूचं रंगीत चित्र. "वाचा. ग्रोथ फॅक्टर! तुमच्याच लाइनीतलं आहे. चार थेंब तोंडात सोडायचे. मेंदू वाढतो, अंग भरतं, स्मरणशक्ती तर विचारूच नका. पोरगी वर्गात पहिली नाही आली तर मिशी काढीन."

"तुला मिशी नाही."

"मग ठेवीन आणि काढीन! दाजी, घ्या तर खरं."

एरवी त्याने दिलेलं पाणीही रुमालभाऊ प्यायले नसते. पण त्या दिवशी त्यांनी बाटली घेतली. चार थेंबांत भागणार असेल तर शर्ट काढायला नको. तडक संस्थेत गेले आणि बाटली मॅडमच्या टेबलावर ठेवली.

"यात ते आहे म्हणे. तुमचं खत."

मॅडमनी बूच काढलं, वास घेतला, थेंब बोटावर घेऊन चिकटपणा पाहिला. "साखरेचा पाक आहे आणि रंग."

"पण नाव तर तेच लिहिलंय."

"नाव काय, कुणीही लिहील. आणि समजा खरंच आत असलं, तरी ते प्रथिन आहे, रुमालभाऊ. पोटात गेलं की डाळीसारखं पचून जाणार. मेंदूपर्यंत पोहोचणार कसं? आणि एवढ्याशा बाळाच्या तोंडात असलं काही घालाल तर खबरदार! जीव जाईल." मग त्या कोड्यात पडल्या. "तुम्ही तर डोळे झाकून कशावर विश्वास ठेवत नाही. ही बाटली हवी कशाला होती?"

रुमालभाऊंनी सिस्टरचं म्हणणं सांगितलं. छातीचं, कातडीचं, लाळेचं.

मॅडमनी बाटलीला बूच लावलं. "उंदरांवरून मी माणसांचं काही सांगत नाही," त्या म्हणाल्या. "सिस्टर सांगते ते करा. बाकी ही बाटली म्हणजे पण काडीच की हो."

बाटली कचऱ्यात गेली. बोटांना लागलेला पाक तीनदा साबण लावला तरी चिकटच वाटत राहिला.

दुसऱ्या दिवसापासून रुमालभाऊ वेळेवर येऊन खुर्चीत बसायला लागले. अंगात पुढून बंद होणारा हॉस्पिटलचा झगा, झग्यात बाळ. चेहरा कडू औषध घेतल्यासारखा, पण बसायचे. सिस्टरही खूष झाली. "शिकलात की, आजोबा!" जुळ्यांची आई म्हणाली, "आमच्या ह्यांना सांगा जरा. ते घोरतात आणि पोरं उठतात."

पण बाळाचं वजन काही हलेना. श्वास विसरणंही कमी होईना. एका दुपारी सिस्टरने बाळाचे तळवे चाचपले आणि तिच्या कपाळाला आठी पडली.

"छातीवर असून हिचे पाय गार कसे?"

"वारा लागला असेल," रुमालभाऊ म्हणाले.

सिस्टरने झग्यात हात घातला आणि बाळ आणि छाती यांच्यामधून मोठ्या रुमालाची चौपदरी घडी ओढून काढली. लाळेने, दुधाने भिजून ती थंडगार पडली होती. इतके दिवस त्या पोरीला आजोबाच्या अंगाची नव्हे, ओल्या फडक्याची ऊब मिळत होती.

खोलीत कुणी हसलं नाही.

"हे बाळ कुणाचं आहे, आजोबा? तुमचं का रुमालाचं?"

रुमालभाऊंनी वर पाहिलं. सिस्टरच्या नाकाला जी मुरड पडली होती ती त्यांच्या चांगल्या ओळखीची होती. वर्षानुवर्षं भुशाच्या ट्रेकडे ते ज्या तोंडाने बघत आले होते, तेच तोंड आता त्यांच्याकडे बघत होतं. सिस्टरने रुमाल दोन बोटांच्या चिमटीत लांब धरला होता.

"उद्यापासून नाही आलात तरी चालेल," ती म्हणाली. "उगाच माझा भरवसा बसतो. मी बघते दुसरं काही. नाहीच जमलं तर पेटी आहे."

म्हणजे सुटका. पुन्हा बाटल्या धुवायचं काम, साबण आणि गरम पाणी. रुमालभाऊंना पाहिजे होतं तेच झालं होतं. ते उठून उभे राहिले. सिस्टरने बाळ पेटीत ठेवलं आणि पेटीतल्या बाळाची छाती हलायची थांबली. सिस्टरने टिचकी मारली. हलली. रुमालभाऊंना एकदम तो ट्रे आठवला, कोपऱ्यात एकमेकांवर चढून लपलेली ती पिल्लं, आणि मॅडमच्या तोंडचा तो शब्द: बाद.

"द्या," ते म्हणाले.

"काय?"

"बाळ द्या."

त्यांनी उरलेले दोन्ही रुमाल खिशातून काढले आणि मळक्या कपड्यांच्या डब्यात टाकले. झगा पुढून पूर्ण उघडला. "बघून घ्या. आत काही नाही."

किळस गेली, असं कुणाला वाटत असेल तर ते खोटं आहे. किळस होती तिथेच होती, उलट आता मध्ये आडोसा नव्हता. तोंडाचा ओला बुळबुळीत ठिपका छातीच्या केसांत फिरत होता. नाळेच्या सुकलेल्या टोकाला कसलासा कुबट वास येत होता. थोड्या वेळाने लंगोट सैल होऊन पोटावरून गरम गरम ओघळ उतरला आणि खुर्चीत जाऊन गार झाला. मग नळीतून दिलेलं दूध उलटून आलं, फाटलेलं, चोथ्यासारखं, आणि थेट काखेत शिरलं. रुमालभाऊंच्या घशाशी आलं. त्यांनी डोळे मिटले, दात आवळले, मान वळवली. पण बसल्या जागचे हलले नाहीत.

आणि मान वळवलेली असतानाच त्यांना कळलं की छातीवरचं ते एवढंसं पोट हलत नाहीये. सिस्टर पलीकडे जुळ्यांपाशी होती. हाक मारायला तोंड उघडलं, पण त्याआधीच त्यांचं बोट बाळाच्या मानेवर टेकलं होतं. मानेपासून खाली पाठीवरून, सावकाश, एकाच दाबाने. मॅडमनी त्या पहिल्या दिवशी करून दाखवलं होतं तसं. एकदा. पुन्हा एकदा. बाळाने हिसका दिला आणि श्वास घेतला.

रुमालभाऊंनी मग बोट थांबवलंच नाही.

"घाणेरडी," ते हळू आवाजात, त्याच लयीत म्हणायला लागले. "घाणेरडी कार्टी. मुतरी. ओकरी. कुणाच्या घरातली गं तू? शी शी शी."

सिस्टर मागे येऊन उभी होती. "काय म्हणताय तिला?"

"खरं तेच."

"म्हणा," सिस्टर म्हणाली. "आवडतंय तिला."

वजन आधी उतरायचं थांबलं, मग मुंगीच्या पावलांनी चढायला लागलं. श्वास विसरणं कमी कमी होत गेलं. दरम्यान मुलगी शुद्धीवर आली, बसायला लागली, आणि एक दिवस तिला चाकाच्या खुर्चीतून बाळाच्या खोलीत आणलं. तिने पाहिलं ते असं: आपले बाबा उघडेबंब, छातीवर वाळलेल्या दुधाचे पापुद्रे, हनुवटीखाली एक टीचभर डोकं.

"बाबा? तुम्ही?"

"हळू बोल. आत्ता झोपलीय. आणि तुला म्हणून सांगतो, तुझी मुलगी अत्यंत घाणेरडी आहे."

ती हसायला लागली, पोटातून कळ आली म्हणून थांबली. मग बराच वेळ त्यांच्या छातीकडे बघत राहिली.

"मला नव्हतं ना कधी असं घेतलं?"

"नाही," रुमालभाऊ म्हणाले. "ये, आता तू घे. मानेखाली हात धर. आणि पाठीवरून असं, वरून खाली. जोर नको लावू."

यथावकाश दोघीही घरी आल्या. रुमालभाऊंनी प्राणिघरातलं पिल्लांचं काम परत मागून घेतलं. नाकाला रुमाल असतोच. डोळ्यांतून पाणीही येतं. काडी तेवढी नसते. पिल्लू हातावर मुतलं की ते त्याला दोन शिव्या घालतात आणि ब्रश चालू ठेवतात.

नात आता घरभर पळते. तिचा आवडता उद्योग म्हणजे आजोबांचा धुतलेला रुमाल शोधून काढून त्यात नाक शिंकरणं. रुमालभाऊ तो कपाटात लपवतात, गादीखाली लपवतात, रेडिओच्या मागे लपवतात. एकदा सापडलेली जागा ती विसरत नाही. आधी जुन्या सगळ्या जागा क्रमाने बघते आणि मग नवी हुडकते. रुमालभाऊंनी ही गोष्ट मॅडमना मोठ्या अभिमानाने सांगितली. "एका नातीवरून काही सिद्ध होत नाही हं, रुमालभाऊ," मॅडम म्हणाल्या. "माहीत आहे," असं म्हणून त्यांनी तीच गोष्ट रजेवरून केव्हाच परतलेल्या गड्याला सांगितली.

परवा ते खुर्चीत पेपर वाचत बसले होते. नात समोर येऊन उभी राहिली. हातात बिस्कीट. अर्धं खाल्लेलं, लाळेने भिजून लोंबायला आलेलं, वर जमिनीवरचा एक केस चिकटलेला.

"आजोबा, आ कला."

रुमालभाऊंनी बिस्किटाकडे पाहिलं. दारात त्यांची मुलगी हातातलं काम सोडून उभी होती.

"शी," ते म्हणाले, आणि तोंड उघडलं.

त्या गिळगिळीत प्रकरणाचा एक घास कसाबसा घशाखाली गेला. रुमालभाऊ तडक उठून स्वयंपाकघरात गेले, पेलाभर पाणी प्यायले, डोळे पुसले. परत येऊन बघतात तो नात त्यांच्या खुर्चीशी बसली होती, आणि उरलेलं बिस्कीट त्यांच्यासाठी नीट सगळ्या बाजूंनी चाटून तयार करत होती.